कालवांच्या टोपलीत फोन

मित्रांनो, मी बांबूची एक जुनी टोपली आहे आणि मला एका फोनचा हेवा वाटतो.

एका बुरडाने ओल्या कामट्या वळवून मला विणलं. पाली गावातल्या विमलाबाईंनी मला विकत घेतलं. अमावास्या-पौर्णिमेला समुद्र खूप मागे हटतो आणि एरवी बुडालेले खडक उघडे पडतात. तेव्हा मला कमरेवर घेऊन त्या खडकांना चिकटलेल्या शिंपल्यांतली कालवं काढायला जात. त्यांची नात मिनल माझा काठ धरून चाले. खाऱ्या पाण्याने मी काळी पडले, पण घट्टही झाले. शेजारणी माझं कौतुक करत.

मग मिनलच्या हातात फोन आला. जो हात माझ्या काठावर असायचा, त्याच हातात. फोनला मऊ कव्हर आणि उशीशेजारी जागा. मला पडवीतला खिळा. फोन पडला की सगळं घर धावे. माझी कामटी तुटली, ती कुणाला दिसलीही नाही.

यंदा विमलाबाईंचे गुडघे फार दुखू लागले. एकटीने खडकांवर जाणं जमेना. त्या सुनेला म्हणाल्या, "मिनल आली तर जाईन. न्हायतर टोपली चुलीत घाल."

मिनलने ते ऐकलं. क्लासला सुट्टी म्हणून तिने रविवार ठरवला, फोनमध्ये ओहोटीची वेळ पाहिली. तिथी मात्र पाहिली नाही. त्या दिवशी अष्टमी होती. अष्टमीला ओहोटी येते, पण पाणी थोडंच सरतं.

किनाऱ्यावर पोहोचलो, तर कालवांचे खडक पाण्याखालीच. फोन फसला म्हणून मी मनातून खूश झाले. खरं तर त्याने वेळ बरोबर सांगितली होती. पण हेवा एवढा न्याय करत नाही.

"आजी, तुला ठाऊक होतं?"

"व्हतं ना."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू परत फोन घेऊन बसली असतीस. एवढ्या दिसांनी निगालीस, ते कशाला मोडू?"

मिनल आजीजवळ बसली. समोरच्या उथळ डबक्यात एक दगड होता. खाली काय आहे ते पाहायला तो उचलायचा, तर दोन्ही हात हवे होते, म्हणून तिने फोन माझ्यात ठेवला. कालवांच्या जागी माझा वैरी!

दगडाखाली शंखात राहणारा एक छोटा खेकडा होता. दोघी वाकून पाहू लागल्या. तेवढ्यात फोन वाजला. माझी कामटी न् कामटी थरथरली. मिनलने वळून पाहिलं. आता ही उठणार, हे मी धरूनच चालले.

"बघ गो, कोनाचा हाय," विमलाबाई म्हणाल्या.

"वाजू दे. हा बघ, दुसऱ्या शंखात शिरतोय."

खेकडा आत गेल्यावर तिने दगड होता तसा अलगद ठेवला. मग फोन काढून आजीला पुढची अमावास्या विचारली आणि त्या सकाळचा गजर लावला.

आता गजर झाला की मला खिळ्यावरून काढतात. वैऱ्याने हाक मारावी आणि मी कामाला निघावं! हेवा काही गेलेला नाही.

मित्रांनो, फोन टाकून द्या, असं मी म्हणणार नाही. म्हणावंसं वाटतं, पण नाही. फक्त दगड उचलायला दोन हात लागतात. तेवढा वेळ त्याला खाली ठेवा. जागा नसेल, तर माझ्यात ठेवा.