उघड्या नाण्यावर बोलायचं नाही

"तोंड!" बाबा दाराकडे मान फिरवून ओरडले आणि त्यांनी स्वतःच्याच तोंडावर रुमाल दाबला.

बेबी नुसतं "किती चकचकीत आहे हो" एवढंच म्हणाली होती. पण या खोलीचा नियम म्हणजे नियम. उघड्या नाण्यावर बोलायचं नाही. बोलताना थुंकीचे बारीक कण उडतात, नाण्यावर बसतात, आणि काही दिवसांनी तिथं काळे ठिपके उठतात ते जन्मात जात नाहीत. खोकणं, शिंकणं, हसणं, सगळं आधी दाराबाहेर उरकून यायचं.

बेबी म्हणजे कोणी लहान मूल नव्हे. दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत तिच्या हाताखाली माणसं होती, कानामागचे केस पांढरे झाले होते. बाहेर सगळे मॅडम म्हणत, घरात मात्र ती बेबीच राहिली. आई गेल्यावर घरात दोघंच उरली, बाप आणि लेक. तिसरी ती नाणी.

छंद बाबांचा आणि हात बेबीचे, अशी वाटणी होती. बाबांच्या तळव्यांना जन्माचा घाम. नोकरीत असताना त्यांनी दिलेला कागद साहेब दोन बोटांनी धरायचे. अशा हातानं नाणं धरलं की बोटाचा ठसा कायमचा. हातमोजे घालून पाहिले, तर नाणं सटकून फरशीवर पडलं आणि त्याची कड चेपली. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. लोक एखादी वस्तू तळहातावरच्या फोडासारखी जपतात. बाबा बिचारे आपली वस्तू तळहातावर घेऊच शकत नव्हते. बेबीचे हात मात्र खडखडीत कोरडे. "देणगी आहे पोरीला," असं ते येईल त्याला सांगायचे. त्यामुळे विकणाऱ्याच्या मऊ प्लॅस्टिकमधून नवं नाणं बाहेर काढणार बेबी, कडक डबीत बसवणार बेबी, आणि पेटीतल्या ओल शोषणाऱ्या पुड्या बदलणारही बेबीच.

या देणगीनं तिचं फार नुकसान केलं. घरात ओल न धरणारी खोली एकच, ती नाण्यांना मिळाली. बेबी झोपायची ती शेजारच्या खोलीत, तिथल्या भिंतींना पोपडे सुटले होते, आणि रात्री तिला खोकल्याची उबळ यायची. एक मुलगा तिला आवडला होता, पण त्याचं गाव लांब. मग बढती आली, तीही लांबच. बाबांनी दोन्ही वेळा नाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं! ते पेटीकडे बघत बसले आणि म्हणाले, "तू ठरव, बेबी. माझं काय, माझे हात हे असे." धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली. दोन्ही वेळा तिनंच नाही कळवून टाकलं.

आता डेअरीचा नवा कारखाना निघाला होता आणि तिथली प्रयोगशाळा तिला देऊ केली होती. "या वेळी नाही म्हणालात मॅडम, तर पुन्हा विचारणार नाही," मॅनेजर म्हणाले होते. बेबीनं हो म्हणून टाकलं. तिकडे जाऊन राहायला खोलीही बघून आली. घरी सांगायचं मात्र धाडस होईना. जेवताना तोंड उघडावं तर बाबा या नव्या नाण्याचं घेऊन बसायचे. कोणा चार दिवसांच्या राजाचं, चांदीचं, आणि जसं काही कालच पाडलेलं.

तेच नाणं आत्ता तिनं दोन बोटांत कडेनं धरलं होतं. समोर बाबा, रुमालानं तोंड दाबून, श्वाससुद्धा बेतानं घेत. त्यांच्याकडे बघता बघता तिच्या एकदम लक्षात आलं, की हे डबीत जाईपर्यंत बाबा बोलू शकणार नाहीत.

"बाबा, मी बदली घेतलीय," ती म्हणाली.

बाबांनी हात नाचवले. रुमालाआडून नुसतं "ऊं, ऊं" आलं. बोट नाण्याकडे, मग डबीकडे.

"नाही, आधी ऐका. हे आत घातलं की तुम्ही बोलायला लागाल, मग मला नाही जमायचं. सोमवारी जायचंय. दोन्ही वेळा तुम्ही म्हणालात, तू ठरव. मी कुठं काय ठरवलं, बाबा? मला त्या मुलाशी लग्न करायचं होतं. तुम्हाला माहीत होतं ते. आणि रात्री मी खोकते, तेही तुम्हाला ऐकू येतं. मधे एकच तर भिंत आहे."

बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला त्यांची दया आली आणि त्या दयेचा संतापही आला, कारण दर वेळी तिला अडकवलं होतं ते या दयेनंच.

बाबांनी रुमाल खाली घेतला. उघड्या नाण्यावर आयुष्यात पहिल्यांदाच ते बोलले, "मग यांना हात कोण लावणार?"

"तुम्ही लावा. उमटू देत ठसे. तुमचीच आहेत ना?"

त्यांनी आपल्या तळव्यांकडे पाहिलं, ते विजारीला पुसले, पण हात काही पुढे केला नाही. बेबीनं जरा वाट पाहिली. मग नाणं डबीत बसवलं, झाकण दाबलं, पेटीत ठेवलं आणि पुडी बदलली. रागाच्या भरातही तिला ते वेडंवाकडं करता आलं नाही.

ती स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली तेव्हा बाबा मागोमाग येऊन दारात उभे राहिले.

"राहायचं काय केलंस?"

"खोली घेतलीय."

"कोरडी आहे ना गं?"

हा प्रश्न तिच्या छातीसाठी होता की पेटीसाठी? पेटी उचलून मागोमाग येणं बाबांना काहीच कठीण नव्हतं. खोली वरच्या मजल्यावर होती, तिथं दिवसभर ऊन असायचं. भिंतीला हात लावून तिनं स्वतः खात्री करून घेतली होती.

"नाही हो, बाबा," ती म्हणाली. "फार ओल आहे."

बाबांनी तळवे पुन्हा विजारीला पुसले.

"मग अंथरूण भिंतीपासून लांब घालत जा," ते म्हणाले. "इथं मी तुला कधी सांगितलं नाही."

बेबीनं पेला तोंडाला लावला. तो केव्हाच रिकामा झाला होता.