आधी निघते, माफ करा

लिगायाने लाल पेन्सिलीला पुन्हा टोक काढलं. पेन्सिल आता करंगळीएवढी उरली होती. वह्या केव्हाच तपासून झाल्या होत्या, उद्याच्या इंग्रजीच्या तासाची चित्रंही कापून झाली होती. बाहेर अंधार पडला होता आणि बर्फ भुरभुरत होतं. शिक्षकांच्या खोलीत रॉकेलची शेगडी घुरघुरत होती, प्रत्येक टेबलामागे माणूस होता, आणि उठायचं नाव कुणीच घेत नव्हतं.

उठणार तरी कसं? खिडकीकडे पाठ करून उपमुख्याध्यापक हाताकेयामा बसले होते. एप्रिलमध्ये फिलिपीन्सच्या इलोइलोहून ती जपानमधल्या या शाळेत शिकवायला आली, तेव्हा आधी तोक्योत प्रशिक्षण झालं. तिथल्या माणसाने बजावलं होतं, "बाकी काही विसरलात तरी चालेल. साहेबांच्या आधी खुर्ची सोडू नका."

बाकीचंही ती विसरली नव्हती. बाहेरचे बूट बाहेर, आतले आत, संडासातल्या सपाता संडासात. मुलांबरोबर जेवायचं आणि वाटीत काही उरवायचं नाही. मग मुलांबरोबरच फडकं घेऊन जिना पुसायचा. रजा घेतली तर येताना सगळ्यांना खाऊ आणायचा. निघणाऱ्याला मागे राहिलेले "दमलात हं" म्हणत. पहिल्यांदा तिला कुणी तसं म्हणालं, तेव्हा ती आरशासमोर जाऊन डोळ्यांखालची वर्तुळं शोधून आली होती. आता त्यालाही सरावली होती. एवढं सगळं अंगवळणी पडलं, पण हे बसून राहणं काही पडेना. उन्हाळ्यात निदान चारदोन जण लवकर जायचे. ऑक्टोबरपासून तेही बंद झालं. परीक्षा जवळ आल्या असतील, असं तिने मनाशी म्हटलं आणि ती बसून राहिली.

ती घरी पोचून फोन लावी, तोवर तिकडे मायुमी झोपलेली असे. मायुमी तिची चार वर्षांची मुलगी, आजीजवळ ठेवलेली. हे तर आमचंच जपानी नाव, असं इथे सगळ्यांना वाटे. शिक्षकांच्या खोलीतून घरी फोन लावायचा नसतो, हे कुणी सांगायची गरज नव्हती. आता आईलेकींचं बोलणं फक्त रविवारी होई. गेल्या रविवारी मायुमीने स्क्रीनकडे बघून आजीला विचारलं होतं, "हिला काय सांगू?" त्या रात्रीच लिगायाने ठरवलं, मार्चमध्ये शाळेचं वर्ष संपलं की इथे राहायचं नाही. आज ते सांगायचं होतं.

हाताकेयामा उठले. खोलीतल्या सगळ्या माना वर झाल्या. ते किटलीकडे वळले तशा माना पुन्हा खाली गेल्या. त्यांनी चहाचा कप आणून लिगायासमोर ठेवला.

"लिगाया सेन्सेई," ते म्हणाले. इथे शिक्षक एकमेकांनाही सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणत. "पुढच्या वर्षाचं काय ठरलं?"

"मला जावं लागेल, सेन्सेई. मार्चमध्ये."

कीबोर्डांची टकटक थांबली. हाताकेयामांनी मान तिरकी केली आणि अडचणीत पडल्यासारखी दातांतून हळूच हवा ओढली.

"आमचं काही चुकलं का?"

"नाही हो. सगळे फार चांगले आहात."

शेजारच्या टेबलावर शाळेच्या नर्स तोगाशी होत्या. निवृत्तीला आल्या होत्या आणि आडपडदा ठेवून बोलायचा त्यांना कंटाळा होता.

"असं कसं सांगेल ती? अहो लिगाया सेन्सेई, घर खायला उठतं ना तुम्हाला? म्हणून तर रोज इथे बसता."

"घर?" लिगायाला वाटलं, आपण शब्द चुकीचा ऐकला. "मला तर घरीच जायचं असतं."

"मग जात का नाही?"

लिगायाने कपाकडे पाहिलं, मग हाताकेयामांकडे. "सेन्सेई बसलेले असतात ना."

"मी?" हाताकेयामांनी स्वतःच्या नाकाकडे बोट केलं. "मी तुमच्यासाठी बसतो."

दाराजवळच्या फळीवर सगळ्यांच्या नावांच्या लाकडी पाट्या टांगलेल्या होत्या. माणूस शाळेत असला की काळ्या अक्षरांची बाजू, गेला की उलटून लाल. हाताकेयामांनी तिकडे हात केला.

"तुमची पाटी काळी असते. पाटी काळी असताना मी कुलूप कसं लावू? माझ्या बायकोला वाटतंय, मी या वयात बढतीच्या मागे लागलोय."

"आणि आम्हाला तुम्हीच सांगितलं," मागून गणिताचे निशिकावा म्हणाले, "त्यांना एकटं वाटतंय, कुणी आधी निघू नका. ऑक्टोबरपासून मी एकच पेपर तपासतोय."

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार सबंध शरद ऋतूभर चालला होता. तोगाशींनी तोंडावर हात धरला, पण खांदे हलायचे थांबेनात.

"माझी मुलगी लवकर झोपते," लिगाया म्हणाली. तिला आणखी बरंच सांगायचं होतं. तिच्या जपानीत तेवढंच बसलं आणि डोळे भरून आले.

तेवढं पुरलं. हाताकेयामा इतके वाकले की कपाळ टेबलाला टेकायचं बाकी राहिलं. "फार मोठी चूक झाली." लिगाया उठून त्यांच्याहून खाली वाकली. ते आणखी वाकले.

"पुरे आता," तोगाशी म्हणाल्या. "तुम्ही दोघं वाकत राहा, तिकडे पोर झोपेल."

तरी कुणी उठेना. मांजराच्या गळ्यात घंटा कुणी बांधायची? सगळे लिगायाकडे बघत होते. मग तिच्या लक्षात आलं. ते वाक्य तिला पहिल्या धड्यापासून पाठ होतं, फक्त आजवर ते म्हणायची छाती झाली नव्हती. तिने कोट घातला, दाराशी गेली, पाटी उलटी केली.

"तुमच्या आधी निघते, माफ करा."

"दमलात हं!" सगळी खोली एका सुरात म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला. खरंच दमली होती ती, आणि कुणीतरी ते म्हणावं याचं तिला पहिल्यांदाच बरं वाटलं. व्हरांड्यात चार पावलं गेली असेल नसेल, तोच मागे सगळ्या खुर्च्या एकदम सरकल्याचा आवाज आला.

बुटांच्या कपाटापाशी पायरीवर बसून तिने एक बूट चढवला. दुसरा हातात राहिला, कारण धीर निघेना आणि तिने फोन लावला. मायुमी दिसली, हनुवटीला भात चिकटलेला.

"नानाय!" आईला ती अशीच हाक मारी. "आज रविवार आहे?"

"नाही गं राणी. आज असंच."

मग मांजरीला पिल्लं झाली ते सांगून झालं, आजीने मारलेला उंदीर सांगून झाला. एकाएकी मायुमी फोनच्या अगदी जवळ आली.

"नानाय, ती माणसं कोण आहेत?"

लिगायाने मागे पाहिलं. कोट घातलेले, पिशव्या खांद्याला लावलेले सगळे शिक्षक व्हरांड्यात दाटीने उभे होते. पायरीवर ती बसलेली, आणि तिला ओलांडून कोण जाणार? सगळ्यांत पुढे किल्ल्या घेऊन हाताकेयामा होते. सावकाश, सावकाश, असा त्यांनी हात हलवला.

"माझ्या शाळेतली माणसं आहेत."

"ती घरी का जात नाहीत?"

"माझ्यासाठी थांबलीत."

"मग जा की तू," मायुमी म्हणाली.

लिगायाने दुसरा बूट चढवला. दार ढकललं, बर्फाची थंडगार हवा आत आली. फोन छातीशी धरून ती मागे वळली.

"हाताकेयामा सेन्सेई, मार्चचं मी जरा विचार करून सांगते."

"सावकाश सांगा. आम्ही थांबू."

"घरी जाऊन," तोगाशी म्हणाल्या.