पंडुमच्या आधीची तारीख

दिल्लीजवळचं मानेसर येत चाललं तशी गाडीत रुचिताची चुळबुळ वाढली. मांडीवरची लेक इशिता तिच्या ओळखपत्राचा पट्टा चघळत होती. तिला दात येत होते, पाळणाघराला सुट्टी होती, नवरा निखिल टूरवर होता, आणि मीटिंग टाळता येण्यासारखी नव्हती. कंपन्यांच्या बसगाड्यांनी रस्ता अडवून धरला होता.

शेजारी वैजयंती आत्राम बसली होती. गडचिरोलीच्या जंगलातल्या आंब्याचं आमचूर करणाऱ्या गोंड बायकांच्या संघाची ती अध्यक्ष. अशा संघांना मोठे ग्राहक मिळवून देणं ही रुचिताची सरकारी नोकरी.

"ताई, एवढंच लक्षात ठेवा," रुचिता म्हणाली. "तारखेचं मी सांभाळते. तुम्ही पंडुमचा विषय काढू नका."

"सकाळपासून हेच सांगून राहिल्या मॅडम. आता इशितालाही पाठ झालं असेल."

पंडुम म्हणजे नव्या फळाचा सण. गावातली जुनी माणसं झाडं बघून दिवस ठरवतात, आणि तो होईपर्यंत कैरीला कुणी हात लावत नाही. हे रुचिताला कळलं ते काल, वैजयंती दिल्लीत उतरल्यावर. त्याच्या कितीतरी आधी तिने ऑफिसात बसून कराराच्या मसुद्यात पहिल्या खेपेसाठी एप्रिलचा पहिला आठवडा घालून टाकला होता. झाडांना कैऱ्या लागल्या की तोडायच्या, त्यात विचारायचं काय, असं तिला वाटलं होतं. आता मार्च संपत आला होता आणि गावात दिवस ठरायचा होता. तीन वर्षांचा करार हातात आला तरच सरकारी योजनेतून वाळवणाची शेड मिळणार होती. नाहीतर पुन्हा ताडपत्री, आणि वळवाची सर आली की फोडी गोळा करत धावणाऱ्या बायका.

"पहिली खेप बाजारातून उचलली तर?" रुचिताने हळूच विचारलं.

"आमच्या नावाच्या पिशवीत कोणाचाही आंबा?" वैजयंती खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "खोटं काहून बोलू, माझ्याही मनात येऊन गेलं. शेड तर पाहिजेच आहे."

मसाल्याच्या कंपनीत खरेदी बघणारा उन्मेष दिल्लीतच वाढलेला मराठी मुलगा निघाला. त्याने मागच्या वर्षीची आमचुराची फोड जिभेवर ठेवली, डोळे मिचकावले. "एकदम जबरदस्त. तीन वर्षं पक्की समजा, बस डेट कन्फर्म करू." मग त्याने कौतुकाने थर्मास उघडला. "आणि हे आईने दिलंय, खास तुमच्यासाठी. या सीझनचं पहिलं पन्हं."

वैजयंतीने ग्लास हातात घेतला. वास घेतला. आणि तो तसाच टेबलावर ठेवला.

"साखर कमी वाटतेय का?"

"नाही दादा. वास छान आहे. पण मी नाही पीत अजून."

"अजून म्हणजे?"

वैजयंतीने रुचिताकडे पाहिलं. रुचिताच्या मनात आलं, आपण हिला गप्प राहायला सांगितलं, पण पन्हं प्यायला थोडंच सांगता येतं?

"आमच्या गावात पंडुम नाही झाला," वैजयंती सरळ म्हणाली, आणि पंडुम म्हणजे काय तेही सांगितलं.

उन्मेषने ऐकून घेतलं. मग पेन ठेवलं आणि रुचिताला विचारलं, "मॅडम, मग ही एप्रिलची डेट कुणी दिली? सिस्टीममध्ये टाकू ना मी ती?"

हो म्हटलं असतं तर पाच मिनिटांत सह्या झाल्या असत्या. इशिता वळवळत होती. रुचिताने तिला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"ती माझी तारीख होती," ती म्हणाली. "गावाची नाही. तोड सुरू झाली की आम्ही कळवू. माल त्यानंतर."

"अरे यार. सिस्टीममध्ये असं कुठे लिहू मी?" तो कागद घेऊन आत गेला. काचेपलीकडे साहेबांसमोर त्याचे हात हलत राहिले. रुचिता उठली, बसली, पुन्हा उठली.

तो परत आला तो मान खाजवत. "एक वर्ष. ट्रायल म्हणून. तारखेऐवजी 'तोड सुरू झाल्यावर' लिहायला तयार आहेत. तीन वर्षं नाही जमणार, सॉरी."

वैजयंतीने सही केली. एका वर्षाच्या करारावर शेड मिळणार नव्हती. निघताना उन्मेषने तिचा ग्लास उचलला. "पंडुमपर्यंत ठेवलं तर आंबेल ना हे?"

"आंबेल. तुम्हीच पिऊन टाका. आईला म्हणा, बदल्यात आमचूर येतंय."

गाडीत बसल्यावर वैजयंती पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत राहिली.

"बायका विचारतील, शेड कुठे ठेवून आली," ती म्हणाली.

"माझे साहेबही विचारतील," रुचिता म्हणाली. "तिनाचं एक कसं झालं म्हणून."

वैजयंतीने फोन लावला. पलीकडून कुणीतरी गोंडीत भराभर बोलू लागलं. हिने करार सांगितला नाही, शेडचं सांगितलं नाही. काहीतरी एकच विचारलं, आणि मग रुचितासाठी मराठीत म्हणाली, "विचारते आहे, कैरी केवढी झाली."

रुचिताने इशिताच्या तोंडातला पट्टा सोडवला, तिला छातीशी धरलं, आणि न कळणाऱ्या उत्तराला कान लावून बसली.