बाक कापायचा हुकूम

थोरल्या सुताराला अपिलाची भारी हौस. वडिलांच्या कारखान्यावरून धाकट्या भावाशी खटला सुरू झाला, तेव्हापासून कोर्टाने काहीही म्हटलं की हा वकीलबाईंच्या कानाशी हजर. तारीख पुढे गेली, अपील करू. धाकट्याला खुर्ची मिळाली आणि आपल्याला स्टूल, अपील करू.

वकीलबाईंचे कान किटले होते. "दादा, असं ऊठसूट वर जाता येत नाही हो. बारीकसारीक हुकमांची तक्रार खटला संपल्यावर एकदम करायची. मधेच जायचं तर आधी स्वतःला विचारा, शेवटी आपण जिंकलो तर हे नुकसान भरून निघेल का? निघणार असेल तर गप्प बसा."

गप्प बसणं त्या घराण्यातच नव्हतं. पण जिथे बोलायला हवं होतं, तिथे नेमका हा गप्प बसला.

घोळ झाला बाकावरून. कारखान्यात वडिलांनी एका अखंड फळीतून केलेला लांबलचक बाक होता. दोघं भाऊ त्याच्यावरच रंधा धरायला शिकले. निकाल लागेपर्यंत बाक कुणी वापरायचा, असं न्यायाधीशांनी विचारलं, तर धाकटा फणकारला, "कापून अर्धा अर्धा करा!" थोरल्याच्या काळजात चर्र झालं. पण आधी त्यालाच शब्द मागे घेऊ दे, म्हणून पठ्ठ्या छताकडे बघत राहिला. न्यायाधीशांनी तसा हुकूम लिहून टाकला.

जिन्यातच थोरल्याने वकीलबाईंना गाठलं. "बाई, जिंकलो तरी फळी परत अखंड होणार का?"

"नाही," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकले. "आता खरं अपील आलं बघा. हे नंतर केलं, तर बैल गेला आणि झोपा केला!"

वरच्या कोर्टात बाईंनी मुद्दा मांडला. न्यायाधीशबाईंनी चष्मा सारखा करून धाकट्याकडे पाहिलं. "मागणी तुमचीच होती. या अपिलाला तुमचा विरोध असेलच?"

धाकट्याचा वकील उत्साहाने उठला. धाकट्याने त्याचा कोट धरून त्याला खाली बसवलं.

"नाही, बाईसाहेब. रागाच्या भरात बोलून गेलो. मला वाटलं, दादा नको म्हणेल."

"आणि मला वाटलं, तू शब्द मागे घेशील!" थोरला ओरडला.

"मी करवत घेऊन गेलो होतो, दादा. हातच चालेना."

न्यायाधीशबाईंनी हसू दाबत हुकमाला स्थगिती दिली. बाक खटला संपेपर्यंत आहे तसा राहील आणि दोघंही तो वापरतील. खटला मात्र चालू राहील, असंही त्यांनी बजावलं. दोघांनी आनंदाने माना डोलावल्या. खटला कुणालाच सोडायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरला कारखान्यात आला, तर धाकटा बाकाच्या खिडकीकडच्या टोकाला उभा. ती जागा थोरल्याची, लहानपणापासूनची.

"उजेड बरा आहे इथे," धाकटा खाली मान घालून म्हणाला. "दादा, खटला संपेपर्यंत इथे उभा राहू?"

थोरल्याच्या तोंडावर सवयीचा शब्द आला होता. त्याने तो गिळला. हे नुकसान भरून निघेल का, हा वकीलबाईंचा प्रश्न आठवला आणि उगाचच डोळ्यांत पाणी आलं.

"राहा," तो म्हणाला आणि दुसऱ्या टोकाला जाऊन रंधा उचलला. "आणि तारखा जरा लांबच्या माग."