मागची सीट

शकुताईच्या पत्राला गुणाजी परबने उत्तर दिलं नव्हतं. पत्र दिवाळीनंतर आलं. आता होळी होऊन गेली, बोरीवलीच्या सोसायटीतल्या आंब्याला कैऱ्या लागल्या, तरी ते पत्र अजून शब्दकोशातच पडून होतं. एखादा शब्द बघायला गुणाजीने कोश उघडला की नेमकं तेच पान उघडायचं. मग शब्द राहायचा बाजूला आणि तो उठून घरभर फेऱ्या मारायला लागायचा.

गुणाजी फोनवर 'हं', 'बरं', 'बघू' यापलीकडे बोलत नसे. म्हणून मुलुंडला राहणारी त्याची ही थोरली बहीण त्याला पत्रच लिहायची. तिने लिहिलं होतं:

'गुणा, म्हातारपणी तू फटफटी घेतलीस असं आमची सूनबाई दीप्ती सांगत होती. फोटो दाखवला. सीट किती खाली आहे रे! तुझ्या भावोजींच्या स्कूटरवर मी जन्मभर एका बाजूला पाय टाकून बसले, सामान ठेवल्यासारखी. मला एकदा दोन्हीकडे पाय टाकून बसायचंय. इतक्या खालच्या सीटवर माझे गुडघेसुद्धा कुरकुर करणार नाहीत. मला गोराईला समुद्रावर ने. कधी येतोस ते कळव.'

गाडीची सीट खाली होती हे खरंच. त्यासाठीच तर गुणाजीने ती घेतली. उंचीने तो आईवर गेलेला. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला असताना वरच्या फळीवरचं पुस्तक काढायला त्याला स्टूल लागायचं आणि पोरं हसायची. मोटरसायकलचं वेड लहानपणापासूनचं, पण कुठल्याही गाडीवर बसलं की टाचा अधांतरी. निवृत्तीनंतर एका जुन्या गाड्यांच्या दुकानात त्याने ही लांबोडकी, जमिनीलगतची काळी क्रूझर पाहिली, भीत भीत वर बसला, आणि दोन्ही पाय सपाट टेकले. त्या क्षणी व्यवहार ठरला.

पण तिला मागची सीट नव्हती. आधीच्या मालकाने काढून टाकली होती. दुकानदाराने विचारलंही होतं, "अंकल, मागची सीट बसवून देऊ? पडून आहे." गुणाजी म्हणाला, "नको. बसणार कोण आहे?"

आता हे ताईला कसं लिहायचं? 'मागे सीट नाही' हे वाक्य सोपं होतं. ते त्याने पुष्कळदा लिहिलं. पुढे मात्र 'मीच नको म्हणालो' असं लिहावं लागायचं आणि तिथे कागद फाटायचा. सीट बसवून घेता आली असती, नाही असं नाही. पण ती बसवली की ताईला बसवावं लागणार. आणि ताईला पाडलं तर? तो स्वतः नॅशनल पार्कच्या फाटकापलीकडे फारसा गेला नव्हता. सोसायटीच्या स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट 'खर्र' करून घासलं तरी तो चोरासारखा इकडेतिकडे बघायचा.

एका रविवारी सकाळी त्याला घरात बसवेना. चहा निवला, वर्तमानपत्र तसंच राहिलं. तोंडीच सांगून टाकू, असं म्हणत त्याने हेल्मेट उचललं. याआधी दोनदा असाच निघून तो गोरेगावहून मागे फिरला होता.

हायवेवर डोक्यावरून मेट्रो, दोन्ही बाजूंना बस आणि ट्रक. बाकीचे दुचाकीवाले गाड्यांच्या फटीतून सुळकन निघून जात होते. याचं हँडल रुंद, गाडी लांब, फटीत घालायची म्हणजे अडकायचं. सिग्नलला थांबलं की इंजिनाची धग पोटऱ्या भाजायची आणि समोरच्या टेम्पोचा धूर थेट नाकात, कारण नाकच टेम्पोच्या नळीच्या उंचीवर. मागून रिक्षावाला ओरडला, "काका, सोफा बाजूला घ्या!"

जोगेश्वरीला वळून पवईच्या रस्त्याला लागल्यावर खड्डे आले. साध्या गाडीवर माणूस पायांवर जरा उठतो आणि खड्डा पार करतो. इथे पाय पुढे पसरलेले, उठणार कशाच्या जोरावर? प्रत्येक खड्डा माकडहाडातून मानेत पोचत होता. गुणाजीच्या मनात आलं, आपले हे हाल, तर मागे ताई असती तर? परत फिरावं. पण पवई तलावाशी यू-टर्न एवढा अरुंद होता की ही गाडी एका दमात वळलीच नसती. आणि सगळ्यांसमोर पायांनी ढकलत मागेपुढे करायची त्याला लाज वाटली. निव्वळ त्या लाजेने तो पुढे गेला.

पूर्वेच्या हायवेला लागल्यावर मात्र गाडीचा स्वभावच बदलला. रस्ता मोकळा मिळाला तशी ती शांत झाली, जड अंगाने रस्त्याला चिकटून धावू लागली. हँडलची थरथर थांबली. मुलुंड जवळ येत होतं.

शकुताई इमारतीखालच्या बाकावर मेथी निवडत बसली होती. आवाज ऐकून तिने मान वर केली.

"अरे मेल्या! हेल्मेटात तू आहेस होय? मला वाटलं, पार्सलवाला."

"ताई, मी तुला सांगायला आलो होतो की..." गाडीवरून उतरत गुणाजी म्हणाला.

"थांब. बघू दे आधी." मेथीची परात शेजारी ठेवून, गुडघ्यावर हात टेकत ती उठली. गाडीभोवती एक फेरी मारली. मग गुणाजीचा खांदा धरला, साडी सावरली आणि तो काही म्हणायच्या आत पाय पलीकडे टाकून बसली. त्याच्याच सीटवर. गुणाजीने घाईने हँडल आणि ताई दोन्ही धरली.

"पाय टेकतात रे! गुणा, बघ, दोन्ही टेकतात!" गॅलरीतून कोणीतरी हसलं. तिने तिकडे बघून हात केला. मग हँडल धरून, अगदी सरळ बसून, ती समोर बघत राहिली. थोड्या वेळाने तिने मागे हात नेला, जागा चाचपली. हाताला मडगार्डचा पत्रा लागला.

"आणि आता तू कुठे बसशील?"

गुणाजी पायाने स्टँड पुन्हा पक्का करू लागला.

"नाही म्हणजे, मी मागे बसणार असं मी धरून चालले होते. माका खंय बसवतलंस? या पत्र्यार?"

"तेच सांगायला आलो, ताई. मागची सीट..."

"तोंडी सांगू नकोस." तिचा आवाज खाली आला. "मी लिहून विचारलं होतं."

"आता समोर उभा आहे ना मी."

"बापू काय म्हणायचे?"

गुणाजीला ठाऊक होतं. त्यांचे वडील, बापू, गिरणीत होते, गाववाल्यांच्या खोलीत राहायचे. गावाहून आलेलं पत्र खोलीत सगळ्यांसमोर वाचलं जायचं आणि त्याचं उत्तर पत्रानेच जायचं. पत्र लिहिणारा मधल्या काळात मुंबईला आला, भेटला, जेवून गेला, तरी उत्तर लिहिलं जायचं. भेटलो म्हणून पत्राचं देणं फिटत नाही, अशी त्या खोलीची रीत. बापू अंगठेबहाद्दर, दुसऱ्याकडून लिहून घ्यायचे, पण उत्तर चुकवायचे नाहीत.

"लिही," ताई म्हणाली. "काय ते लिही. नाही जमत तर नाही लिही. मी काय तुझ्या घरी भांडायला येणार आहे? पण मी रोज खाली पेटी बघते रे. लिफ्टवाला हसतो मला." ती उतरताना त्याच्या खांद्यावर सगळा भार आला, आणि त्याला आश्चर्य वाटलं की तो पेलला. "मेथीचं थालीपीठ खाऊन जा. त्याला पत्र लागत नाही."

परत जाताना त्याने घोडबंदरचा रस्ता धरला. घाटाच्या उताराला एक कंटेनर बाजूने दाबत गेला, गाडी हलली, सावरली. पण त्याचं लक्ष राहून राहून पाठीमागे जात होतं. तिथे नुसता वारा होता. आजवर त्याला ती रिकामी जागा कधी जाणवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याने विकीच्या गॅरेजमध्ये सीट बसवून घेतली. मग प्रश्न आला चाचणीचा. तळमजल्यावरचा शेजारी चंद्रप्रकाश ताईपेक्षा जाडच होता. तो कुरकुरत मागे बसला.

"परब, माझा विमा आहे. पण तुझ्यावर भरवसा नाय."

सोसायटीच्या फाटकापाशी पहिला स्पीडब्रेकर आला. दोघांच्या वजनाने गाडी खाली बसलेली, पोट असं घासलं की चंद्रप्रकाश टुणकन उतरला. पुढच्या ब्रेकरला तो आधीच उतरला, चालत पलीकडे गेला आणि परत बसला. सोसायटीची फेरी अशी चढत-उतरत झाली.

"बहिणीला काय सांगशील? ताई, उतर, चाल, बस? गुडघ्यांची वाट लागेल तिच्या!"

गुणाजी तसाच विकीकडे गेला. विकीने मागच्या स्प्रिंगा घट्ट करून दिल्या. "आणि ब्रेकर सरळ नका घेऊ, काका. तिरके घ्या, हळू. होडी लाटेवर घेतात ना, तशी." संध्याकाळी चंद्रप्रकाशला पुन्हा बसवलं. ब्रेकर तिरका घेतला. काही घासलं नाही. दुसराही गेला. चंद्रप्रकाश म्हणाला, "झकास! आता गोराईला मलाच ने." गुणाजी हसला.

घरी येऊन तो पोस्टकार्ड घेऊन बसला. जागा थोडी, म्हणून पाल्हाळ लावायची सोय नव्हती. त्याने लिहिलं:

'ताई, गाडीला मागची सीट नव्हती. दुकानदार देत होता, मीच नको म्हणालो. बसणार कोण, असं वाटलं. आता बसवली आहे. येत्या रविवारी सकाळी येतो. दुसरं हेल्मेट आणतो. साडी नको, दीप्तीचा पंजाबी ड्रेस घाल. रस्त्यात मला भीती वाटेल, तेव्हा मागून ओरडू नकोस. गुणा.'

वाचून पाहिलं. 'भीती' खोडावं असं वाटलं. खोडलं नाही.

पोस्टाची लाल पेटी स्टेशनच्या वाटेवर होती. तो चालतच गेला. कार्ड फटीत अर्धं सरकवलं आणि त्याला पिनकोडची शंका आली. बाहेर काढून बघितलं, बरोबर होता. पुन्हा सरकवलं. पुन्हा वाटलं, रविवारऐवजी 'बघू' लिहिलं असतं तर? मागे एक बाई पाकीट घेऊन ताटकळत उभी होती. "टाकताय ना, काका?" ती म्हणाली.

"हो, हो," म्हणत गुणाजीने कार्ड सोडलं. आत ते कशावर तरी पडल्याचा बारीक आवाज झाला. सवयीने त्याने कार्ड परत काढायला फटीत बोटं घालून पाहिली. बोटं पोचली नाहीत.