शेवटचे ठणठणीत कधी होते?

कल्याणच्या हातातून कप पडला तेव्हा घरातले चौघंही तिथंच होते, पण चौघांना चार गोष्टी दिसल्या. उषाबाईंना, म्हणजे त्याच्या आईला, वाटलं की पोराच्या अंगात अजून त्राण नाही. कोरोनातून उठून ओसरीवर बसायला लागून त्याला दोनच दिवस झाले होते. बायको दैवशालाला वाटलं, चहा फार गरम होता. धाकटा भाऊ सोमेश्वर फोनमधून डोकं वर न काढता म्हणाला, "दादा, कप नवा होता बरं का." आणि सोमेश्वरची बायको वंदना, जी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिनं कपाकडे पाहिलंच नाही. ती कल्याणच्या तोंडाकडे पाहत होती. ओठाचा उजवा कोपरा खाली ओघळला होता.

टेंभुर्णीच्या या घरात धाकट्या सुनेनं मोठ्या दिराशी, म्हणजे भासऱ्यांशी, समोरासमोर बोलायचं नाही अशी रीत होती. वंदना वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेली. जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत ती उगवण तपासायची. तिथं तिच्या एका सहीनं ट्रकभर माल नापास व्हायचा, आणि इथं भासऱ्यांना भाजी वाढायची का हेसुद्धा ती जावेमार्फत विचारायची. तिला यात कधी फार अपमान वाटला नव्हता. गैरसोय वाटायची, एवढंच.

प्रयोगशाळेतल्या मोनालीचे वडील मागच्याच महिन्यात असेच गेले होते. ताप उतरला, जेवू लागले, आणि एका दुपारी बोलता बोलता जीभ अडखळली. तेव्हापासून वंदनानं या विषयावर मिळेल ते वाचलं होतं. हा विषाणू फुप्फुसापुरता थांबत नाही. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज आणतो, रक्त घट्ट होतं, आणि आजार संपला असं वाटत असतानाच एखादी गुठळी मेंदूत जाऊन अडकू शकते.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "दादांना जरा हसायला सांगा. आणि दोन्ही हात वर करायला."

"काय?"

"हसायला. दात दाखवून."

"दादा, ही म्हणती हस जरा. कप फुटल्याचा राग न्हाई दिसत हिला."

कल्याण काहीतरी बोलला. शब्द ओल्या कापडासारखे तोंडातून लोंबले. सोमेश्वरला वाटलं, दादा थट्टेनंच तसं बोलतोय. तो हसला.

उषाबाई हसल्या नाहीत. "कुणाला हसायला लावून राह्यली गं? भासऱ्याला? मरणाच्या दारातून आलंय माझं लेकरू, आन् तुला त्याचे दात पाह्यचेत?"

"आत्याबाई, तोंड वाकडं झालंय त्यांचं. हा अशक्तपणा न्हाई. डोक्यातली नस बंद झाली असंल. जल्दी जालन्याला नेलं तर इंजेक्शन देऊन गुठळी विरघळवता येती."

"जालन्याला! जिथून माणसं प्लास्टिकात बांधून येऊन राह्यलीत, तिथं?"

"वंदना, तू चूप बस," दैवशाला म्हणाली. "सकाळी सकाळी असलं अभद्र बोलू नको."

वंदना उंबरा ओलांडून थेट ओसरीवर गेली. कल्याणच्या पुढ्यात उभी राहिली. "दादा, माझ्याकडं पाहा. दोन्ही हात वर करा."

आणि कल्याणनं, या घरात वाढलेल्या कुठल्याही भल्या माणसानं केलं असतं तेच केलं. भावजय समोर आली म्हणून त्यानं संकोचून तोंड भिंतीकडे फिरवलं. वाकडा झालेला अर्धा चेहरा कुणाला दिसेनासाच झाला.

"पाह्यलंस? लाजला बिचारा," उषाबाई म्हणाल्या. "आता आत जा."

रखमाजीला बोलावणं गेलं. रखमाजी वर्षानुवर्षं एका डॉक्टरच्या हाताखाली कंपाउंडर होता. त्या उन्हाळ्यात तो घरोघरी जाऊन सलाईन लावायचा. कोरोनातून उठलेल्या प्रत्येकाला एक बाटली, ताकदीची, असा गावाचा नेमच झाला होता. त्यानं खुंटीला बाटली टांगली, कल्याणच्या डाव्या हातात सुई घातली आणि म्हणाला, "काही न्हाई, कमजोरी हाय. ही उतरली की पळायला लागतील."

"रखमाजीभाऊ, उजवा हात उचलायला सांगा ना त्यांना," वंदना दारातून म्हणाली.

"वहिनी, झोपू द्या त्यांना. आराम पाह्यजे."

वंदनानं अँब्युलन्सला फोन लावला. तो लागेना. तिनं नवऱ्याला मागच्या अंगणात नेलं आणि जीप काढा म्हणून हात जोडले.

"बाटली तरी संपू दे," सोमेश्वर म्हणाला. "अर्ध्यातून सुई काढली तर आई घर डोक्यावर घेईल."

"त्या बाटलीत मीठ आणि पाणी आहे हो. तिच्यानं काहीच होत न्हाई."

"मंग नुकसान तरी काय?"

"वेळ जाऊन राह्यला, ते नुकसान!"

तो आत जाऊन बाटलीचा वेग तेवढा वाढवून आला. त्याच्या परीनं त्यानं बायकोचं ऐकलं होतं.

बाटली संपली. कल्याण उठायला गेला आणि उजव्या पायावर भार पडताच कोसळला. रखमाजीनं त्याचा हात उचलून सोडला. तो पिशवीसारखा खाली पडला. "हे वारं गेलंय अंगावरून," रखमाजी म्हणाला, आणि सामान आवरायला लागला. जे सकाळपासून वंदना सांगत होती ते त्याच्या तोंडून आल्याबरोबर सगळ्यांना पटलं. मग उषाबाईंना कुठल्याशा गावचा तेल चोळणारा माणूस आठवला. त्यावर वाद झाला. शेवटी सोमेश्वर ओरडला, "माय, बस कर!" आणि त्यानं जीप काढली.

जालन्याच्या मोठ्या दवाखान्यात पहिल्या दारावर विचारलं, कोरोना झाल्ता का? हो म्हटल्यावर दुसऱ्या दाराला पाठवलं. तिथं विचारलं, आता आहे का? नाही म्हटल्यावर परत पहिल्या दाराला. उन्हात जीप उभी होती, मागच्या सीटवर दैवशालाच्या मांडीवर कल्याणचं डोकं होतं, आणि वंदनाला वाटत होतं, आपण कुणाच्या तरी अंगावर धावून जाऊ.

स्कॅन झाला. पांढऱ्या पीपीई किटमध्ये घामानं निथळणारा तरुण डॉक्टर बाहेर आला. "रक्तस्राव नाही, गुठळीच आहे. ती विरघळवायचं इंजेक्शन आहे, पण सुरुवात झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. नीट आठवून सांगा. पेशंट शेवटचे ठणठणीत कधी होते?"

"अकराला," सोमेश्वर लगेच म्हणाला. "अकराला उठताना पडला. त्याच्या आधी बिलकुल ठणठणीत."

नवरा खोटं बोलतोय हे वंदनाला कळलं. का बोलतोय हेही कळलं. सकाळपासून पहिल्यांदाच त्याला तिचं म्हणणं पुरतं पटलं होतं, आणि आता भावासाठी तो तेवढ्याच नेटानं भलतीकडे पळत होता. दैवशाला हात जोडून डॉक्टरकडे पाहत होती. नर्सला हाक मारायला डॉक्टर वळलासुद्धा.

"न्हाई," वंदना म्हणाली. "सकाळी चहाच्या वेळी. आठच्याही आधी. हातातून कप पडला, तोंड वाकडं होतं, बोलणं जड होतं. मी पाहिलंय."

डॉक्टर थांबला. "नक्की?"

"नक्की."

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजत आले होते. डॉक्टरनं मान हलवली. इतक्या उशिरा ते औषध दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस जागेवर जाऊ शकतो, असं त्यानं सांगितलं. नळी घालून गुठळी काढायची सोय औरंगाबादला होती. त्यानं तिथं फोन केले, पण कुठंच खाट नव्हती. मग दुसरी औषधं सुरू झाली.

कल्याण वाचला. उजवा हात गेला, पाय ओढत चालू लागला, आणि बोलणं दैवशालाशिवाय कुणाला समजेना.

तो घरी आल्यावर भेटायला बायाबापड्या येऊ लागल्या. उषाबाई प्रत्येकीला तेच सांगायच्या. "डाक्टर सुई घेऊन उभा होता बघा. सोमेश्वरनं बराबर सांगितल्तं. आन् ऐन टायमाला हिनं तोंड उघडलं."

चतुराबाई नावाच्या शेजारणीनं गालाला हात लावला. "अगं बाई! शिकलेली सून ना ती?"

वंदना आत भाकरी थापत होती. भाकरी तव्यावर तशीच टाकून ती बाहेर आली.

"आत्याबाई, ती सुई दिली असती तर ते आज नसते."

"तुला काय म्हाईत?"

तिनं सोप्यात सोपं उदाहरण शोधलं. "आपल्या शेतातल्या ठिबकची नळी चोंदली, तर येळेवर ॲसिड सोडलं की साफ होती ना? पण ती सडून गेल्यावर जोरानं सोडलं तर काय होईल? फुटंल. तसं."

"म्हंजे माझं लेकरू नळी हाय व्हय?" उषाबाई चतुराबाईंकडे वळल्या. "ऐकलं? नळी म्हणती."

दैवशाला कल्याणच्या हाताला तेल लावत होती. तिनं वर पाहिलं नाही. "तू बोलली नसती तर निदान दिलं असतं," ती हळूच म्हणाली. "निदान काहीतरी केलं असतं."

सकाळी आठ वाजता करायचं होतं ते काहीतरी, असं वंदनाच्या ओठांवर आलं. कल्याण ऐकत होता. तिनं ते गिळलं. पण सगळंच गिळणं तिला जमेना.

"आत्याबाई, ताप तुम्हालाही आल्ता," ती म्हणाली. "ह्यांनाही आल्ता. आता घरात कुणाचं तोंड वाकडं दिसलं तर मी कुणाला इचारत बसणार न्हाई. उचलून गाडीत घालीन. तुम्हाला सुद्धा."

"घाल बाई, घाल. आन् डाक्टरला येळ काय सांगशील?"

"खरी."

उषाबाईंनी चतुराबाईंकडे पाहून कपाळाला हात लावला. आत तव्यावरची भाकरी करपत चालली होती.