आत्याचा जुना पत्ता

आमच्या कंपनीत सर्व्हरना नात्यांची नावं होती. बाहेरून आलेल्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसायचा आणि मग आमच्याकडे जरा काळजीने बघायचा. आम्हाला मात्र त्यात काही वावगं वाटत नसे. फायली सांभाळायचा तो मामा, कारण काहीही मागा, नाही म्हणत नसे. छपाईचं बघायचा तो जावई, कारण त्याला कधी काय खुपेल याचा नेम नसे आणि तो रुसला की सगळ्यांनी हातातली कामं टाकून त्याच्याभोवती गोळा व्हावं लागे. आणि या सगळ्यांत थोरली ती आत्या.

हे बारसं बाईंनी केलं. बाई म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख. मी नोकरीला लागले तेव्हा त्यांचे केस काळेभोर होते आणि माझा आवाज खालच्या पट्टीत होता. पंप बनवणारी कंपनी, तिच्या मागच्या बाजूला एक लांबट खोली, तिथे आम्ही तिघं. बाई, मी, आणि केबल टाकणारा पैलवान. पैलवान इतका काटकुळा होता की छताच्या फळीतल्या एका चौकोनातून तो अख्खा वर जायचा आणि दुसऱ्या चौकोनातून खाली उतरायचा.

त्या काळात कुठला कॉम्प्युटर कुठल्या पत्त्यावर आहे याची फाईल प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये वेगवेगळी असायची. नवीन मशीन आलं की बाई आणि मी फ्लॉपी घेऊन टेबलाटेबलाला फिरायचो आणि प्रत्येक फाईलमध्ये एक ओळ वाढवायचो. ड्रॉइंग विभागात नकाशे छापायच्या अमोनियाचा वास डोळ्यांत जायचा. हिशेबवाले आम्हाला ताटकळत ठेवायचे. एखादं टेबल राहून गेलं की दुसऱ्या दिवशी तिथून फोन ठरलेला. मी करवादायचे, बाई फ्लॉपी उचलून चालू लागायच्या. खरं सांगते, आज मला त्या फेऱ्यांची फार आठवण येते. तेव्हा कंपनीतला माणूस न् माणूस मला तोंडावरून ओळखता यायचा. आता लोक तक्रार टाकतात, मी तक्रार मिटवते, तोंड दिसत नाही.

मग डिरेक्टरी सर्व्हर आला. कंपनीत कोण काम करतं, कुणाला काय उघडायची मुभा आहे आणि कुठलं मशीन कुठल्या पत्त्यावर बसलंय, हे सगळं एकाच ठिकाणी. सकाळी कुणीही कॉम्प्युटर उघडला की त्याने आधी याला विचारायचं. बाई खोक्याचं प्लॅस्टिक काढता काढता म्हणाल्या, "आमच्या घरी असं सगळं आत्याला विचारायचे. कोण कुठे राहायला गेलं, कुणाचं कुणाशी जमत नाही. हिचं नाव आत्या."

ती आत्या पुष्कळ वर्षं चालली. मधे तिचं पोट बदललं, डोकं बदललं, पण खोकं तेच राहिलं. शेवटी तिचा पंखा घरघरायला लागला तेव्हा बाईंच्या निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते. जाण्याआधी आत्या नवी करून द्यायची, हा बाईंचा हट्ट. नवं मशीन आलं, सगळी माहिती त्यात उतरली, जुनं खोकं बंद करून पैलवानाने खाली नेलं. नव्या मशीनला नवा पत्ता दिला. नाव मात्र आम्ही तेच ठेवलं. दुसरं ठेवावं असं तिघांतल्या एकाच्याही मनात आलं नाही. आत्याच्या जागी कोण येणार, तर आत्याच.

आणि तिथून डोक्याला ताप सुरू झाला.

काही लोकांचं लॉगिन एका झटक्यात व्हायचं. काहींच्या पडद्यावरचं चक्र तसंच फिरत बसायचं, लोक चहा पिऊन परत यायचे तरी फिरतच असायचं. आज ज्याचं अडलं त्याचं उद्या सुरळीत चालायचं आणि त्याच्या शेजाऱ्याचं अडायचं. आम्ही केबल तपासल्या, स्विच बदलला, नव्या आत्याच्या सगळ्या सेवा पुन्हा सुरू केल्या. सर्व्हरच्या खोलीत बसून बघितलं तर सगळं हिरवं. जुना पत्तासुद्धा कुणीतरी उगाच तपासून बघितला तर तिथूनही खणखणीत उत्तर आलं, म्हणून आम्ही त्याचा विचार सोडून दिला; जुनं खोकं तर बंद आहे, हे त्या धांदलीत कुणाच्या लक्षातच आलं नाही.

नवे साहेब स्वभावाने वाईट नव्हते. मुख्य कचेरीतून आलेले, नीटनेटके, मोजकं बोलणारे. ते बाईंना म्हणाले की शुक्रवारी दुपारपर्यंत कारण सापडलं तर ठीक, नाही तर सोमवारी बाहेरची माणसं येतील आणि सगळं पुसून नव्याने उभं करतील. अहवालात कारण काय लिहायचं, तर जुन्या व्यवस्थेतले दोष. हे ते अगदी सौम्यपणे म्हणाले. शुक्रवार हा बाईंचा शेवटचा दिवस होता.

बाई खोलीत येऊन बसल्या आणि पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "मला हार नको, भाषण नको. सगळं चालू स्थितीत हातात द्यावं आणि जावं, एवढंच होतं गं माझं." उमेदीची सगळी वर्षं तिथे घालवलेल्या बाईचं नाव 'दोष' या शब्दाखाली जाणार, या विचाराने माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी साहेबांबद्दल जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाईंनी ते ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हटलं, की रागावून झालं असेल तर आता काम कर.

शुक्रवारी सकाळी मी आमची खोली सोडून माल रवाना करणाऱ्या विभागात गेले. तिथल्या कारकून काकूंच्या पडद्यावर चक्र फिरत होतं आणि काकू निवांत स्वेटर विणत होत्या. त्यांनी मला खुर्ची दिली आणि म्हणाल्या, तुमच्या कृपेने बाही होत आली. मी त्यांच्या मशीनला विचारलं, आत्या कुठे राहते? त्याने जुना पत्ता सांगितला. मला वाटलं, याने आधीचं उत्तर लक्षात ठेवलं असेल, कारण मशीनं एकदा विचारलेलं थोडा वेळ स्वतःजवळ जपून ठेवतात. ते जपलेलं सगळं पुसलं आणि पुन्हा विचारलं. आता नवा पत्ता. पुन्हा पुसलं, पुन्हा विचारलं. जुना. पुन्हा, नवा.

मी कपाळाला हात लावला. एकाच आत्याचे दोन पत्ते नोंदलेले होते आणि आमची व्यवस्था दोन्ही पत्ते पाळीपाळीने पुढे करत होती. ज्याला नवा पत्ता मिळाला त्याचं काम झालं, ज्याला जुना मिळाला तो जुन्या दारावर थाप मारत बसला. मग त्या दारातून उत्तर कोण देत होतं? मी पैलवानाला फोन केला. तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "ताई, तो पत्ता रिकामा दिसला म्हणून मी फाटकावरच्या हजेरीच्या मशीनला देऊन टाकला." म्हणजे अर्धी कंपनी रोज सकाळी हजेरीच्या मशीनला विचारत होती, मला आत घेणार का. ते बिचारं हाक मारली की ओ देत होतं, पण पुढे त्याला काय कळणार? काकूंनी विचारलं, काय झालं गं? मी म्हटलं, बाही पूर्ण होणार नाही आता.

जुना पत्ता पुसणं हे एका टिचकीचं काम होतं. पण तो मागे राहिलाच कसा, हे सांगितल्याशिवाय साहेबांचं समाधान होणार नव्हतं. वापरात नसलेले पत्ते व्यवस्था आपणहून झाडून टाकते. हा झाडला गेला नाही, कारण तो आपोआप आलेला नव्हता. कुणीतरी हाताने घातला होता, आणि हाताने घातलेल्या नोंदीला झाडू लागत नाही. नोंदीपुढे घालणाऱ्याचं नाव होतं. बाईंचं.

ते नाव बघितलं आणि मला तो दिवस लख्ख आठवला. खूप वर्षांपूर्वी वीज जाऊन कारखाना बरेच दिवस बंद होता. परत सुरू झाला तेव्हा झाडूने आत्याचीच नोंद झाडून टाकलेली. कुणाला काही सापडेना. सगळी कचेरी जिन्यावर येऊन बसली, ड्रॉइंगवाल्यांनी गाणी म्हटली, हिशेबवाल्यांच्या साहेबांनी नकला केल्या. ड्रॉइंगवाले इतकं छान गाऊ शकतात आणि हिशेबवाले हसू शकतात, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. आत खोलीत मात्र बाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्यांनी आत्याचा पत्ता स्वतःच्या हाताने घातला आणि म्हणाल्या, आता हिला कुणी काढू शकणार नाही. मी शेजारीच उभी होते. आम्ही दोघी केवढ्या खूश झालो होतो!

मी खोलीत परतले. पैलवान आधीच आला होता. मी दोघांना सगळं सांगितलं. पैलवान लगेच म्हणाला की हजेरीच्या मशीनचा घोटाळा असं सांगू, माझ्या नावावर टाका, मला कोण काय बोलणार. खोटं नव्हतं ते, अर्धं खरं होतं. माझी त्याला मूक संमती होती, आणि मूक राहणं माझ्या स्वभावात नाही, हे बाईंना ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या मशीनपाशी येऊन बसल्या, नोंद उघडून आपलं नाव वाचलं आणि ती पुसली. मग काकूंना फोन करून लॉगिन होतंय का ते विचारलं. होत होतं.

दुपारी साहेबांच्या खोलीत त्यांनी कुणाला तोंड उघडू दिलं नाही. "नोंद मी घातली होती, आणि जुनं मशीन काढताना ती काढायची मीच विसरले. व्यवस्थेत दोष नाही. चूक माझी आहे, तसंच लिहा." साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांना हे अपेक्षित नव्हतं. मग ते म्हणाले की कारण सापडलंय, उपाय झालाय, तेव्हा बाहेरच्या माणसांची गरज नाही. नावाचं लिहायचं कारण नाही. बाई म्हणाल्या, लिहा, म्हणजे पुढच्याला कळेल. नावं बदलायची तर खुशाल बदला, पण आधी जुन्याचं सगळं काढा, मगच नवीन ठेवा.

बाहेर आल्यावर पैलवान डोळे पुसत हात धुवायला गेला. मला वाटलं, आता चहा, थोड्या गप्पा, आणि झालं. पण बाई म्हणाल्या, "चल, माझं खातं बंद कर."

आमच्याकडे माणूस जातो त्याच दिवशी त्याचं खातं बंद होतं. शेकडो लोकांची मी केली असतील, चहा पीत पीत. बाईंना म्हटलं, सोमवारी करते, काय घाई आहे. त्या म्हणाल्या, "सोमवारी मी नसेन. आणि अर्धवट काढलेल्याचं काय होतं ते आठवडाभर बघितलंस ना?"

त्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. मी त्यांचं पान उघडलं आणि थबकले. गेल्या काही दिवसांत त्यांनी स्वतःला गुपचूप सगळीकडून काढून घेतलं होतं. फायलींची मुभा नाही, किल्ल्या नाहीत, रोजची कामं सगळी माझ्याकडे वळवलेली. फक्त एका ठिकाणी त्या उरल्या होत्या. आत्या बंद पडली तर निरोप कुणाला पाठवायचा, तिथे अजून पहिलं नाव त्यांचं होतं, दुसरं माझं.

"हे राहू दे," मी म्हटलं. "याने कुणाचं काही अडत नाही."

बाईंनी पडद्यावर त्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांना ती ठेवायची होती, हे मला स्पष्ट दिसत होतं. मला तर हवीच होती. आत्या पडली की माझ्याआधी बाईंना कळतंय, या एका भरवशावर मी आजवर निर्धास्त झोपले होते.

"काढ," त्या म्हणाल्या. "नाही तर प्रत्येक वेळी तू माझ्या फोनची वाट बघत बसशील."

मी काढलं. मग खातं बंद केलं. बाईंनी कीबोर्ड स्वतःकडे ओढून आपलं नाव टाकलं, पासवर्ड टाकला, आणि पडद्यावर उमटलं की हे खातं बंद करण्यात आलं आहे, अधिक माहितीसाठी व्यवस्थापकाला भेटा. त्यांनी ती ओळ शेवटपर्यंत वाचली. नंतर मान वळवून माझ्याकडे बघितलं, कारण व्यवस्थापक आता मी होते.

"बरोबर झालंय," त्या म्हणाल्या.